प्रश्न मुलीला, उत्तर आईचं

ठाण्यातल्या एका मानसोपचार ओपीडीत सकाळी अकराच्या सुमारास नववीतली एक मुलगी आईबरोबर आत गेली. खोलीला दार नव्हतं, हिरवा पडदा होता. पंखा घरघरत होता तरी आतलं बोलणं बाहेरच्या बाकापर्यंत येत होतं. डॉक्टरांनी मुलीकडे बघून विचारलं, "झोप लागते का गं नीट?" आई म्हणाली, "कसली झोप हो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल." "जेवण?" "एक चपाती, तीपण मी मागे लागले तर." "शाळेत कोणी त्रास देतं का?" "नाही हो, शाळा चांगली आहे. हीच बोलत नाही कोणाशी." मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होती, उघडायचं, परत लावायचं. डॉक्टर तिच्याकडे बघूनच विचारत होते, तरी उत्तरं तिच्या डोक्यावरून जात होती. केसपेपरवर चार ओळी उमटल्या, दोन गोळ्या लिहिल्या गेल्या, पंधरा दिवसांनी यायला सांगितलं, आणि पुढच्या नंबराचा पुकारा झाला.

त्या चार ओळींत तिचा एकही शब्द नव्हता.

आईला दोष देणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही. बदलापूर-टिटवाळ्याकडून आलेली बाई सकाळची लोकल पकडून, कामावरचा खाडा करून, केसपेपरच्या रांगेत उभी राहून इथवर पोचलेली असते. बाहेर अजून पंचवीस-तीस जण नंबर लावून बसलेत, हे तिला दिसत असतं. मुलीला विचारलं तर ती "काही नाही" म्हणणार आणि मिळालेली पाच-सहा मिनिटं तशीच संपणार, ही तिची भीती रास्त आहे. शिवाय सवयही आहे. दीड महिन्याच्या लसीपासून लेकराच्या वतीनं तीच बोलत आलीय: ताप कधी आला, शी कशी झाली, दूध पितं का. बालरोगतज्ज्ञाच्या खोलीत ते बरोबरच असतं. पण मूल दहा-अकरा वर्षांचं झालं की त्याच्या मनात काय चाललंय याची माहिती आईकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त असते, आणि हा बदल नेमका कधी झाला हे घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. तिथून पुढे आईला थोडा वेळ बाहेर बसवणं हे डॉक्टरांचं काम. डॉक्टरांकडे वेळ नाही, खोलीला दार नाही, म्हणून ते होत नाही. मुलांच्या मानसिक उपचारांबद्दल बोलताना आपण डॉक्टर किती, खाटा किती, औषधं मिळतात का, हे मोजतो. ते मोजायलाच हवं. पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की एवढ्या मोठ्या व्यवस्थेत मुलाला एकट्याला बोलण्यासाठी वेळ आणि जागा कोणी राखूनच ठेवलेली नाही.

मुलं "मला उदास वाटतंय" असं सांगत येत नाहीत. पोट दुखतं म्हणून येतात. डोकं दुखतं, चक्कर येते, छातीत धडधडतं, हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटतं. आधी गल्लीतले डॉक्टर, मग सोनोग्राफी, मग कोणीतरी सुचवलेले मेंदूचे डॉक्टर, मधे कुठेतरी दृष्ट काढणं आणि अंगारा. सोनोग्राफी नॉर्मल आली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, नाटकं करतेय. दुसरा म्हणतो, मशीनमध्ये न दिसणारं काहीतरी आहे. दुसऱ्याचंच जास्त बरोबर असतं. दुखणं खरं असतं. चिंतेनं आतड्यांची हालचाल बदलते, स्नायू आवळले जातात, कळ खरोखर येते. वजन घटत असेल, ताप असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा कळ झोपेतून उठवत असेल तर शरीराच्या तपासण्या आधी, यात वाद नाही. पण हे काही नसेल तर एक चौकशी फार उपयोगी पडते: कोणत्या वारी दुखतं, किती वाजता? सोमवारी सकाळी साडेसहाला. रविवारी नाही. दिवाळीच्या सुट्टीत एकदाही नाही, आणि शाळा उघडायच्या आदल्या रात्री पुन्हा सुरू. हे वेळापत्रक आईला तोंडपाठ असतं, पण कोणी विचारत नाही म्हणून ती सांगत नाही. आणि सोमवारी शाळेत नेमकं काय असतं, हे फक्त मुलीला माहीत असतं.

दुसरी गफलत चिडचिडीची. मोठ्या माणसाचं नैराश्य चेहऱ्यावर दिसतं, किशोरवयातलं बऱ्याचदा दार आपटण्यात दिसतं. निदानाच्या निकषांतसुद्धा या वयात खिन्नतेऐवजी चिडचिड धरली जाते; दिवसाचा बराच वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता यांतले बदल. घरात याला "वयात आलाय, उलट बोलायला लागलाय" म्हणतात. फरक ओळखायची एक खूण आहे. वयात आलेला मुलगा घरच्यांवर फणकारतो, पण मित्राचा आवाज आला की चप्पल घालून पळतो. आजारी मुलगा मित्रांनाही टाळतो. मैदानावर जायचा बंद होतो, ज्या गोष्टीसाठी भांडायचा तिच्यासाठी भांडायचंही सोडून देतो, आणि घरातले लोक नेमके तेव्हाच म्हणतात, बरं झालं, शांत झाला एकदाचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी तोच आकडा धरला तर साठ मुलांच्या वर्गात चार मुलं. डोंबिवली-कळव्याच्या कुठल्याही शाळेतल्या शिक्षिकेला विचारा, ती चार नावं सांगेल; फक्त ती त्यांना आळशी, हट्टी, घुमी आणि उद्धट म्हणेल.

मग मुलाशी बोलायचं कसं? याची पद्धत आहे, शिकता येते, आणि तिला साधारण पाऊण तास लागतो. पहिली दहा मिनिटं सगळे एकत्र. आईवडिलांना काय काळजी वाटते ते मुलासमोरच ऐकायचं, म्हणजे पाठीमागे काय बोलले ही शंका राहत नाही. मग दोघांसमोर गुप्ततेचा करार: तू जे सांगशील ते माझ्याकडे राहील, तीन गोष्टी सोडून. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्यावर कोणी अत्याचार करत असेल, तर मला ते पुढे न्यावं लागेल, आणि नेण्याआधी मी तुला सांगेन. हे आधी सांगायचं असतं. मुलानं मन मोकळं केल्यावर अटी सांगितल्या तर तो विश्वासघात ठरतो आणि पुन्हा ते मूल तोंड उघडत नाही. मग पालक बाहेर. तेही दाराशी टेकून नाही. आवाज पोचणार नाही एवढ्या अंतरावरच्या खुर्चीत.

त्यानंतर सोप्याकडून अवघडाकडे. आधी घर. घरात कोण कोण, आणि रात्री कोण कुठे झोपतं? वन रूम किचनमध्ये या एका प्रश्नातून अर्धं घर कळतं: आजोबांचा खोकला, बाबांचं पिणं, अभ्यासाला कोपरा आहे की नाही. मग शाळा, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतेस, डबा संपतो का. मग मोबाइल, किती तास हे विचारायच्या आधी त्यावर काय करतेस, कोणाशी बोलतेस, आणि रात्री दोन वाजता जागं राहून काय टाळतेस. मग तंबाखू, गुटखा, व्हेप. मग मैत्री आणि प्रेम. सगळ्यात शेवटी मरणाचे विचार. जगभर या क्रमानं विचारतात, आणि त्यामागे कारण आहे: शेवटच्या प्रश्नापर्यंत येताना मुलाला समोरच्याचा अंदाज आलेला असतो. बसायचं समोरासमोर नाही, टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात, म्हणजे नजर चुकवायची मुभा राहते. हातात कागद-पेन द्यायचा. "का" हा शब्द शक्य तितका टाळायचा. "शाळा का बुडवलीस?" म्हटलं की मूल बचावाच्या पवित्र्यात जातं. "शाळेच्या गेटाशी आल्यावर अंगात कुठे काय होतं?" म्हटलं की ते खरंच आठवून बघतं. आणि गप्प बसलं तर गप्प बसू द्यायचं. ओपीडीच्या घाईत हीच गोष्ट सगळ्यात कठीण जाते. अर्ध्या मिनिटाची शांतता झाली की मोठी माणसं तिसराच प्रश्न टाकतात आणि ओठांवर आलेलं उत्तर परत जातं. आठ वर्षांखालच्या मुलांशी तर निव्वळ बोलून भागतच नाही. तिथे बाहुल्या, ठोकळे, चित्रं लागतात, आणि मूल खेळताना काय करतं ते बघावं लागतं.

मरणाविषयी विचारायला अनेक डॉक्टरसुद्धा कचरतात. नसलेला विचार डोक्यात भरवला जाईल, ही भीती. तसं होत नाही. विचारल्यानं धोका वाढत नाही, हे आता पुरेशा अभ्यासांतून दिसलं आहे. "कधी असं वाटतं का, की आपण नसतोच तर बरं झालं असतं?" इथून सुरुवात करायची. हो म्हणाली तर एकेक पायरी खाली उतरायचं: अधूनमधून की रोज, कसं करायचं ते ठरवलंय का, यापूर्वी काही केलंय का, हे कोणाला सांगितलंय का, अशा वेळी काय आठवलं की थांबतेस. मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट असेल तर हात दाखवशील का असं हळुवार विचारायचं. आणि दाखवले तर दचकायचं नाही, ओरडायचं नाही, आधी जखम पुसायची. मग शेवटच्या दहा मिनिटांत मुलीबरोबर ठरवायचं की आईला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, आणि कोणी. आईला आत बोलावून ते एकत्र सांगायचं. जिवाला धोका असेल तर घरातली सगळी औषधं आणि विषारी वस्तू त्याच दिवशी कुलपात, चावी मोठ्या माणसाकडे, आणि काही दिवस मुलीला एकटीला ठेवायचं नाही. अशा वेळची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. हाताशी काही नसलं तर ती निघून जाते.

गुप्ततेच्या करारातली तिसरी अट, अत्याचाराची, फार अवघड आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की ते पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. काका, शिकवणीचे सर, शेजारी यांनी केलेल्या अत्याचारापुढे हे कलम भक्कम उभं राहतं आणि ते हवंच. पण सोळा-सतरा वर्षांची मुलगी आपल्याच वर्गातल्या मुलाशी असलेल्या संबंधांबद्दल सांगते, तिथेही कायदा तिच्या संमतीला संमती मानत नाही. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी "मैत्री" नावाची क्लिनिकं आहेत. नाव इतकं छान आहे, आणि तिथली समुपदेशक ताई मात्र समोरची मुलगी बोलायला लागली की आतून धास्तावते. माहिती दडवावी असं मला अजिबात वाटत नाही. पण मुलगी बोलायच्या आधीच तिला या अटीचा अर्थ तिच्या भाषेत कळलेला असावा, एवढं तरी तिला आपण देणं लागतो.

आता हा पाऊण तास देणार कोण? ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. पुणे, नागपूर, रत्नागिरी आणि हे, अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात आहेत, त्यातलं एक आपल्या वागळे इस्टेटला लागून. मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या भांडणात "ठाण्याला पाठवू का?" म्हणतात, आणि त्याचा परिणाम असा की खुद्द ठाण्यातले आईबाप रिक्षावाल्याला तिथलं नाव न सांगता जवळच्या कॉलेजचं नाव सांगतात. तिकडे नको म्हणून खासगीत जायचं तर घोडबंदर रोडवर, खारघरला, प्रत्येक तिसऱ्या कॉम्प्लेक्सखाली "चाइल्ड काउन्सेलर" अशी पाटी आहे. पाटी लावायला फारसं काही लागत नाही, चार आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सवरही ती लागते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर, तो औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि त्याला एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक मागायला संकोच करू नये, खरा माणूस तो आनंदानं दाखवतो. मुलांबरोबर काम केलंय का, पालकांना कधी बाहेर बसवता, हे दोन प्रश्नही विचारावेत. दुसऱ्याला "तशी गरज पडत नाही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जावं.

नौपाड्यात, वाशीत राहणाऱ्याला पर्याय तरी आहेत. १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच संस्था ठाण्यात आहे. विकासात मागे पडलेल्या लहान मुलांसाठी खारघरला केंद्र सरकारच्या बौद्धिक दिव्यांगांच्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र वाशीत आहे. पण शहापूर-मुरबाडकडून येणाऱ्यांचं काय? बोलण्याच्या उपचारांना बारा ते सोळा बैठका लागतात, आठवड्याला एक. रोजंदारीवरची आई बारा खाडे करू शकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर ती येत नाही आणि फाइलवर "पेशंट आला नाही" असा शेरा पडतो. ओपीडी सकाळी, शाळाही सकाळी. ज्या मुलाची शाळा बुडते म्हणून त्याला आणलं, त्याची शाळा उपचारांसाठी आणखी बुडवायची. आठवड्यातून निदान एक दिवस मुलांची ओपीडी संध्याकाळी चार ते सात ठेवली तर गळती बरीच कमी होईल. यासाठी नवी इमारत लागत नाही, ड्युटीचा तक्ता बदलावा लागतो.

बोलण्याला वेळ मिळत नाही म्हणून सगळा भार गोळीवर येतो, आणि मग गोळीही नीट काम करत नाही. किशोरवयातल्या नैराश्यासाठी फ्लुओक्सेटीन हे सगळ्यात जास्त तपासलेलं औषध. ५ किंवा १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि अडचण इथेच होते. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं. पंधरवडा संपता संपता आई म्हणते, गुण नाही, त्रासच वाढला, आणि बंद करते. जी टिकवते ती दोन महिन्यांनी मूल हसायला लागलं की "आता बरी झाली" म्हणून बंद करते. खरं तर बरं वाटायला लागल्यानंतरही सहा ते बारा महिने औषध चालू ठेवायचं असतं आणि मग हळूहळू कमी करायचं असतं, एकदम नाही. आणखी एक गोष्ट प्रत्येक पालकाला तोंडी सांगायलाच हवी. काही मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्ये त्याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. म्हणजे औषध घ्यायचं नाही असं नव्हे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला मुलाला बघायचं, निदान फोन तरी करायचा. "पंधरा दिवसांनी या" हे उत्तर या औषधाला पुरत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत बारा आठवड्यांनंतर औषध आणि बोलण्याचा उपचार एकत्र घेतलेल्या गटात ७१ टक्के मुलांना गुण आला, नुसत्या औषधानं ६१, नुसत्या बोलण्याच्या उपचारानं ४३, आणि खोट्या गोळीनं ३५. आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला पहिला आकडा येतच नाही.

अतिचंचलतेच्या (एडीएचडीच्या) औषधाची वेगळीच परवड. त्यावरचं मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत त्यानं दोन वर्षं जपून ठेवायची. एवढी कटकट नको म्हणून बरेच केमिस्ट ते ठेवतच नाहीत. मग महिन्याच्या शेवटी बाप स्टेशनपासून गोखले रोडपर्यंत दुकानं पालथी घालतो आणि प्रत्येक काउंटरवर "हे कोणासाठी?" म्हणून त्याच्याकडे संशयानं बघितलं जातं. साध्या गोळीचा असर चारेक तास. सकाळी सातला दिली की अकरापर्यंत संपला. दुसरी मधल्या सुट्टीत द्यावी लागते, आणि शाळा म्हणते आम्ही औषध देत नाही. संध्याकाळी दिली तर झोप उडते. दिवसभर पुरणारी गोळी मिळाली तर हा प्रश्न सुटतो, पण तिची किंमत जास्त. भूक मरते, म्हणून नाश्ता गोळीच्या आधी पोटभर द्यावा, आणि दर तीन-चार महिन्यांनी उंची, वजन, नाडी, रक्तदाब लिहून ठेवावा. याच त्रासावरचं दुसरं औषध, ॲटॉमॉक्सेटीन, सहज मिळतं, त्याला पूर्ण असर दाखवायला चार-सहा आठवडे लागतात. हे सगळं केसपेपरवर मावत नाही. कोणीतरी बसून सांगावं लागतं.

भरती करायची वेळ आली तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा चांगला आहे. कलम ८७ सांगतं की अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करायचं, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं, पालक किंवा काळजीवाहक पूर्ण वेळ सोबत असायला हवा, मुलगी असेल तर स्त्री, आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. शॉक ट्रीटमेंट मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय नाही. पण मुलांसाठी वेगळी खाट शोधायला निघालेल्या घराला विचारा. आणि ज्या घरात मुलानं काही करून घेतलंय ते तर इमर्जन्सीत "चुकून झालं" असंच सांगतं, पोलिसांच्या भीतीनं. याच कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. तरी भीती आहे तिथेच आहे. मग पोट साफ होतं, सलाइन लागतं, दोन दिवसांत घरी सोडतात, आणि मुलाला कोणी विचारतच नाही की तुला नक्की काय झालं होतं.

शाळेकडून आशा ठेवायला एक कारण नुकतंच मिळालं आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक सूचना दिल्या: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा; गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. नेमणूक होईलही. पण त्या ताईंना बसायला स्टाफरूममधली खुर्ची दिली, तर तिथे एकही मूल जाणार नाही. आणि रिकाम्या तासांना वर्ग सांभाळायला, निकालपत्रकं भरायला त्यांना जुंपलं, की आठवड्याभरात त्या मुलांच्या लेखी आणखी एक बाई होतात. खोली मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर नको. तिथे जाण्यासाठी वर्गात उभं राहून परवानगी मागावी लागू नये. दाराशी एक पेटी असावी, चिठ्ठी टाकली की दोन दिवसांत बोलावणं यावं.

शाळेनं वेळेत बघितलं तर पुढचं कितीतरी टळतं. तिसरीत ज्याचं वाचन अडखळतंय, जोडाक्षरं सांडतायत, तोंडी सगळं येतं आणि पेपरात काही उतरत नाही, त्याची आधी नजर आणि कान तपासावेत. मग बुद्ध्यांकाची चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, शाळेच्या वह्या. दोन-चार खेपा होतात. मराठी माध्यमाच्या मुलाची चाचणी इंग्रजीतून घेतली तर निकाल चुकतो, हे आवर्जून बघावं. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन-गणित न जमणं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीला वाढीव वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळतात. बहुतेक पालक दहावीच्या नोव्हेंबरात धावतात, तेव्हा तारखा मिळत नाहीत. तोपर्यंत त्या मुलानं सात वर्षं "ढ" ऐकलेलं असतं. मग जे नैराश्य दिसतं त्यावर गोळी सुरू होते, आणि मुळाशी असलेलं वाचन तसंच राहतं.

दार, वेळ, माणसं हे सगळं यायला वर्षं जातील. आज नंबर लावून बसलेल्या आईला आजच करता येईल असं एक काम आहे. आदल्या रात्री एका फुलस्केपवर लिहावं: त्रास कधीपासून, झोपायची-उठायची वेळ, भूक आणि वजन, महिन्यात किती दिवस शाळा बुडली, दुखणं कोणत्या वारी, आतापर्यंतची औषधं मिलिग्रॅमसकट, फिट किंवा डोक्याला मार, घराण्यात कोणाला असा त्रास, आणि घरात अलीकडे काय बदललं. आत गेल्यावर कागद डॉक्टरांच्या हातात द्यावा आणि म्हणावं, "सगळं यात आहे, तुम्ही हिच्याशी बोला, मी बाहेर बसते." सहाच मिनिटं असली तरी त्यातली चार मुलीला मिळतात. बाहेर जाताना मुलीच्या खांद्यावर हात ठेवून "तुला जे सांगायचं ते सांग, मी रागावणार नाही" एवढं म्हणावं, आणि नंतर रिक्षात "काय सांगितलंस?" असं विचारू नये. मुलीला १४४१६ हा नंबरही देऊन ठेवावा. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही टेली-मानस सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिला केसपेपर लागत नाही. पंधरा दिवसांनी परत याल तेव्हा कागद मुलीनं लिहिलेला असावा, आणि तो घडी घालून तिच्याच हातात असावा.